जेवा मरे

नेमणुकीच्या कागदावर 'शिकाऊ उमेदवार' असं छापलेलं होतं, आणि आईने त्यातला पहिला शब्द कुणालाच सांगितला नाही. वाडीत जो भेटेल त्याला ती "चेडू उमेदवार झाला", म्हणजे मुलगी उमेदवार झाली, एवढंच सांगायची. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आलेली. आठवड्याभरात किराणा दुकानदाराने मला विचारलं की कुठल्या वॉर्डातून उभी राहणार, आणि शेजारच्या काकांनी दारासमोरच्या खड्ड्याची तक्रार माझ्याकडे नोंदवून टाकली. मी त्यांना समजावलं की हे डिजिटल मार्केटिंग आहे, इंटरनेटवर लोकांच्या धंद्याची जाहिरात करायची असते. काकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरा आसा. पण खड्डो लक्षात ठेव."

बी.कॉम. झाल्यावर माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुली मुंबईला गेल्या आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच गोव्याला, हॉटेलांच्या आणि औषध कंपन्यांच्या नोकऱ्यांवर. मला कुठेच जायचं नव्हतं. त्यामागे काही मोठा विचार नव्हता. मला आमचं घर आवडायचं आणि परक्या गावात झोप येत नाही. बाबा मालवणच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात काम करतात. ते म्हणाले, रहा, पण हातपाय हलव. अशात कॉलेजमधल्या सरांनी निरोप धाडला की बाजारपेठेत एका बाईंनी जाहिरातीचं ऑफिस काढलंय आणि सरकारी योजनेतून त्यांना वर्षभरासाठी एक शिकाऊ मुलगी हवी आहे. गणपती गेले आणि तिसऱ्या दिवशी मी तिथे हजर झाले.

ऑफिस एका जाळी-दोरीच्या दुकानाच्या माडीवर होतं. जिना इतका अरुंद की वरून कुणी उतरत असेल तर खालच्याने थांबायचं. दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, आणि सगळीकडे नव्या नायलॉनच्या जाळ्यांचा वास. आजही कुठे नवी जाळी उलगडली की मला तो पहिला दिवस आठवतो.

त्या बाईंना मी पहिल्या दिवशी मॅडम म्हटलं, तर त्यांनी ताई म्हणायला सांगितलं. चाळिशीच्या आसपासच्या, मूळच्या देवगडच्या. वडिलांची हापूसची बाग. पुण्यात मोठ्या जाहिरात कंपनीत बारा-पंधरा वर्षं काढून त्या परत आल्या होत्या, आणि येताना तिथलं मराठी बरोबर घेऊन आल्या होत्या, स्वच्छ, इस्त्री केलेलं. त्यांच्याखेरीज ऑफिसात एक कुडाळचा मुलगा होता, चित्रं आणि व्हिडिओ करणारा. तो कानाला हेडफोन लावून बसायचा आणि दिवसातून दोनदा बोलायचा: एकदा चहा आला की, आणि एकदा घरी जाताना.

पहिले काही आठवडे मी नुसती बघत होते. कुठली पोस्ट किती लोकांपर्यंत पोचली त्याला 'रीच' म्हणतात. पैसे न देता पोचली तर ती 'ऑर्गॅनिक'. मी हा शब्द तोवर फक्त शेणखताच्या संदर्भात ऐकला होता, त्यामुळे ताईंनी "आपला ऑर्गॅनिक वाढला पाहिजे" म्हटल्यावर मी गंभीरपणे वहीत लिहून घेतलं आणि दोन दिवस विचार करत राहिले की आंबेवाल्यांना हे कळतं, होमस्टेवाल्यांना कसं सांगायचं.

आमची बहुतेक गिऱ्हाइकं होमस्टेवालीच होती. तारकर्ली, देवबाग, वायरी, जिथे जिथे माडाखाली दोन खोल्या जास्तीच्या होत्या तिथे तिथे आता पाहुणे उतरत होते. मला लिहिता बरं येतं असं सरांनी ताईंना सांगून ठेवलं होतं, म्हणून मजकूर माझ्याकडे आला. मी अगदी मन लावून लिहायचे. निसर्गाच्या कुशीत वसलेलं. अथांग सागराच्या सान्निध्यात. घरगुती वातावरण, अस्सल मालवणी चव. ताई वाचायच्या, 'सान्निध्य'मधला एखादा 'न' कमी पडला असेल तर घालायच्या, आणि पोस्ट जायची. एका दुपारी कुडाळच्या मुलाने हेडफोन काढला आणि मला विचारलं, की आत्ता तू जे लिहिलंस ते कुठल्या होमस्टेचं आहे? मी स्क्रीनकडे बघितलं आणि मला सांगता आलं नाही. त्याने हेडफोन परत घातला. त्या दिवशी तो तीनदा बोलला.

दिवाळीच्या आधी ताईंनी मला रिव्ह्यूंचं काम दिलं. फोनवरच्या नकाशात एखादं होमस्टे उघडलं की खाली पाहुण्यांचे अभिप्राय दिसतात, आणि त्याखाली मालकाचं उत्तर. ही उत्तरं मालक लिहीत नाहीत. ती माडीवर बसून आम्ही लिहायचो. ताईंनी तीन-चार नमुने तयार ठेवले होते. कौतुक असेल तर "आपल्या सुंदर प्रतिक्रियेबद्दल मनःपूर्वक आभार", तक्रार असेल तर "झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत". मी सकाळी आल्या आल्या एका आजोबांच्या वतीने आभार मानायचे, मग एका जोडप्याच्या वतीने, मग तारकर्लीच्या काकींच्या वतीने.

या काकींना मी आधीपासून ओळखत होते. त्यांचं माहेर आमच्या वाडीतलं. नवऱ्याने पूर्वी होडीवर काम केलं, आता गुडघे गेल्यामुळे ते घरीच जाळी विणत, पाहुण्यांना गजाली सांगत. माडांच्या आत चार खोल्या, मागे वाळू, आणि स्वयंपाक सगळा काकींचा. अंगाने किडकिडीत, पण आवाज असा की किनाऱ्यावरून होडीतल्या माणसाला हाक मारावी आणि त्याने वळून बघावं. ताईंनी सगळ्या होमस्टेवाल्यांना एकदा ऑफिसात बोलावून शिकवणी घेतली होती. पाहुण्यांशी शुद्ध मराठीत बोलायचं, 'आपण' म्हणायचं, 'काय हवं-नको' विचारायचं. काकी त्या दिवशी पहिल्या खुर्चीत बसून मान डोलवत होत्या.

दिवाळीची सुट्टी संपली आणि त्या पुढच्या सोमवारी काकींच्या पानावर एक तारा चमकत होता. एकच. पुण्याच्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं: जेवण उत्तम, खोल्या स्वच्छ, परंतु मालकीणबाई कमालीच्या उद्धट. माझे वृद्ध वडील जेवायला बसलेले असताना त्यांच्यावर खेकसून "जेवा, मरा" असं म्हणाल्या. मी स्वतः शेजारच्या खोलीतून ऐकलं. घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांनी दहादा विचार करावा.

मी ते ताईंना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, दोनदा वाचलं आणि खुर्चीत मागे टेकल्या. नाताळची बुकिंगं सुरू होण्याचे दिवस होते, आणि नकाशात काकींचं घर उघडलं की सगळ्यांत वर हेच दिसत होतं. ताई म्हणाल्या की त्यांना फोन कर, काय झालं ते विचार, आणि दिलगिरीचा नमुना टाकून दे. वाद घालायचा नाही. रिव्ह्यूवर वाद घालणारा मालक पाहुण्याला आणखी वाईट दिसतो, हे त्या पुण्यात शिकल्या होत्या, आणि ते खरंही आहे.

फोन लावला तर काकींना काही पत्ताच नव्हता. मी वाचून दाखवलं. मग त्या म्हणाल्या, "तू हय ये." आणि फोन ठेवला.

मी दुपारची गाडी पकडून तारकर्लीला गेले. काकी मागच्या पडवीत बसून कोकमाची सोलं निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी मला बसायला पाट सरकवला. त्यांचे यजमान, म्हणजे काका, आपल्या जाळ्याशी होते. त्यांनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच खुणावलं की जरा सांभाळून. मी पुन्हा सगळं वाचलं. "जेवा, मरा" वर आले तेव्हा काका विणता विणता थांबले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. काकी हसल्या नाहीत.

मग त्यांनी सांगितलं ते असं. रिव्ह्यू लिहिणारा मुलगा, सून, नातू आणि आजोबा असे ते लोक आले होते. आजोबांची बायको त्या वर्षी गेलेली, हे सुनेने आल्या आल्याच हळूच सांगितलं. पहिल्या रात्री आजोबा ताटावर बसले आणि भाताचं एक शीत इकडून तिकडे करत राहिले. काकींनी शिकवल्याप्रमाणे विचारलं, आपण आणखी काय घेणार, आपल्याला काही वेगळं करून देऊ का. आजोबा म्हणाले, नको, धन्यवाद. सकाळी तेच. दुपारी पुन्हा तेच. समोर बांगड्याचं तिकलं, म्हणजे दाट तिखट कालवण, निवत चाललेलं, आणि म्हातारा माणूस खिडकीतून बाहेर बघतोय. तेव्हा काकींचं शुद्ध मराठी सुटलं. त्या वाढता वाढता थांबल्या आणि जशा भावाला म्हणतील तशा म्हणाल्या, "जेवा मरे!"

आमच्या भागाबाहेरच्या वाचकासाठी इथे एक सांगायला हवं. 'मरे'चा मरणाशी काही संबंध नाही. रे, हो, अरे बाबा असं म्हणतात तसं आम्ही मरे म्हणतो. "बस मरे", "खंय गेल्लस मरे?" म्हणजे कुठे होतास रे. त्यात थोडी कुरकुर असते, थोडा लाड असतो, आणि समोरचा माणूस आपला आहे हे गृहीत असतं. परक्याला सहसा कुणी मरे म्हणत नाही.

"मगे तेनी काय केला?" मी विचारलं.

"जेवले," काकी म्हणाल्या. "माझ्याकडे बघल्यानी, आणि जेवले. दोनदा भात घेतल्यानी."

दुसऱ्या दिवशी पहाटे आजोबा स्वतःहून स्वयंपाकघराच्या दारात आले आणि उकड्या तांदळाची पेज मागून प्यायले. नंतर दिवसभर काकांच्या शेजारी बसून जाळ्याची गाठ कशी मारतात ते बघत होते. पुण्याच्या मुलाने यातलं काहीच लिहिलं नव्हतं. त्याने ते बघितलंच नसावं. तो आपल्या पोराला घेऊन पॅरासेलिंगला गेला होता.

मी म्हटलं, की काकी, तरी आपण 'दिलगीर आहोत' एवढं लिहून टाकू. तशी पद्धत आहे. त्यावर त्यांनी सोलं निवडायचं सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"मी जा बोलूकच नाय, तेची माफी कशी मागू? उद्या तो म्हातारो वाचतलो. तेका काय वाटात? ह्या बायेन माका खराच मर म्हटल्यान, असा वाटात ना तेका?"

आम्ही रिव्ह्यूचा विचार करताना नेहमी पुढे येणाऱ्या पाहुण्याचा विचार करत होतो. येऊन गेलेला माणूसही ते वाचेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

गाडीला वेळ होता म्हणून मी तिथेच पडवीत बसून फोनवर लिहायला लागले. काकी जशा बोलल्या तसं, पण पुण्याच्या माणसाला कळेल असं. लिहून झालं की वाचून दाखवायचे. 'प्रेमाचा आग्रह' असं एक लिहिलं होतं, ते त्यांनी काढायला लावलं. प्रेम-बीम काही नाही, म्हणाल्या, ताटात अन्न निवत होतं. शेवटी काका जाळ्याआडून म्हणाले की बाय, आवाजाचं पण लिव. काकींनी त्यांच्याकडे रागाने बघितलं. मग स्वतःच म्हणाल्या, "आवाज मोठो आसा, ता खरा. लिव."

दुसऱ्या दिवशी मी तो मजकूर ताईंपुढे ठेवला. तो असा होता:

"नमस्कार. तुमच्या बाबांना मी 'जेवा मरे' म्हटलं. आमच्याकडे मरे म्हणजे तुमच्याकडचं 'अहो, ना'. जेवा ना हो, असं. परक्या माणसाला आम्ही तसं म्हणत नाही. ते दोन वेळा ताटावरून तसेच उठले होते आणि तिसऱ्या वेळी मला राहवलं नाही. मी त्यांना मरा म्हटलेलं नाही, म्हणून त्याची माफी मागत नाही. माझा आवाज मात्र मोठा आहे. वाऱ्यात राहून तसा झालाय. त्याने तुमच्या कानांना त्रास झाला असेल तर माफ करा. बाबा आता जेवतात का? त्यांना विचारलंय म्हणून सांगा."

ताईंनी वाचलं आणि पेन उचललं. 'माफी मागत नाही' या शब्दांखाली त्यांनी रेघ मारली. हे असं कुणी लिहीत नाही, म्हणाल्या. मी म्हटलं की काकी दुसरं काही लिहू देत नाहीत. ताई म्हणाल्या की काकींच्या पानाची जबाबदारी आपली आहे, त्यांची नाही. मी कागद परत उचलला नाही. माझा पगार नव्हता, विद्यावेतन होतं. मी कामाला लागले नव्हते, शिकत होते. आणि शिकणाऱ्याने किती ताणायचं याचा नमुना कुणी तयार करून ठेवलेला नव्हता.

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. देवगडहून त्यांचे वडील. बागेत फवारणीला माणसं आली नाहीत म्हणून ते वैतागले होते, आणि त्यांचा आवाज फोनच्या बाहेर येऊन खोलीभर फिरत होता. ताई दारापाशी जाऊन बोलू लागल्या. आजवर मी ऑफिसात त्यांचं मालवणी ऐकलं ते एवढंच. "माका काय विचारतास मरे," त्या वडिलांना म्हणाल्या, "दुसरी माणसा बघा."

फोन ठेवून त्या वळल्या. कुडाळच्या मुलाने हेडफोन काढलेला होता आणि आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत होतो. ताईंना हसू फुटलं. त्या खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या. "टाक," त्या म्हणाल्या. "जसं आहे तसं टाक."

मी टाकलं. आणि मग काहीच झालं नाही.

रोज सकाळी जिना चढून मी आधी तेच पान उघडायचे. एक तारा तसाच. काकींना मात्र त्याची फिकीर नव्हती. सांगायचं ते सांगून झालं होतं. मी इतर पानांवरचे आभार मानत राहिले, पण हात तयार नमुन्यांकडे जाईना. वायरीच्या जोडप्याला फोन करून विचारलं की ते लहान मूल कोण होतं ज्याने तुमच्या मांजराबद्दल लिहिलंय, आणि उत्तरात त्या मांजराला पिल्लं झाल्याचं कळवलं. ताईंनी ते बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. ऑफिसात याचा अर्थ चालू दे असा असतो.

नाताळच्या थोडं आधी तो रिव्ह्यू बदलला. एकाच्या जागी चार तारे, आणि खाली नवीन मजकूर: "बाबांनी तुमचं उत्तर वाचलं आणि माझी कानउघाडणी केली. माझा समज चुकीचा होता. बाबा जेवतात. खोलीतल्या पंख्याचा आवाज येतो, तेवढं बघा." मी तो फोनवर काकींना वाचून दाखवला. पाचवा तारा पंख्याने खाल्ला हे ऐकून त्यांनी काकांना हाक मारली आणि पंखा आजच्या आज दुरुस्त करायला सांगितलं.

जानेवारीत आजोबा आले, एकटे, रात्रीच्या बसने, एक लहान बॅग घेऊन. मुलाने काकींना फोन करून आधी चारदा चौकशी केली, गोळ्यांच्या वेळा सांगितल्या. काकींनी मला निरोप धाडला की तुझा पाहुणा आलाय, बघून जा. मी रविवारी गेले. आजोबा पडवीत काकांच्या शेजारी स्टुलावर बसले होते, डोक्याला पंचा, हातात जाळ्याची सुई. त्यांची गाठ बसत नव्हती आणि काका ती सोडवून पुन्हा त्यांच्या हातात देत होते.

काकींनी माझी ओळख करून दिली, की ते उत्तर हिने लिहिलं. आजोबांनी सुई खाली ठेवली. शाळेत मास्तर होते ते, बोलणं नेमकं. पुण्याला घरी सगळे माझी काळजी घेतात, म्हणाले, अगदी मनापासून. सून चांगली आहे, मुलगा चांगला आहे.

"पण ही गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू बोलतात. दवाखान्यात बोलतात तसं. बाबा, थोडं घ्याल का. बाबा, तुमची इच्छा असेल तर. इथे या बाई माझ्यावर ओरडल्या. आमची ही ओरडायची तशीच, ताट निवलं की."

काकी आतून सगळं ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत. भांड्यांचा आवाज तेवढा थांबला होता. जरा वेळाने त्यांनी आतूनच सांगितलं की पानं घेतलीत, आणि या वेळी मरे म्हटलं नाही, कारण गरज पडली नाही. आजोबा हाक पुरी होण्याआधीच उठले होते.

गोष्ट इथेच थांबली असती तर बरं झालं असतं, पण जाहिरातीच्या धंद्यात चांगली गोष्ट कुणी थांबू देत नाही. तो रिव्ह्यू आणि ते उत्तर कुणीतरी फोटो काढून पुढे पाठवलं, आणि बघता बघता ते आमच्याच वाडीच्या ग्रुपवर फिरून परत माझ्या फोनवर आलं. फेब्रुवारीत काकींकडे जे पाहुणे यायचे ते बसल्या बसल्या म्हणायचे, काकी, मरे म्हणा ना. एका कॉलेजच्या मुलांनी तर फोन समोर धरून, आधी न जेवता थांबून, शूटिंग करायचा प्रयत्न केला. काकींनी ताटं उचलून आत नेली. भूक लागली की सांगा, म्हणाल्या. अगदी शुद्ध मराठीत.

ताईंना मात्र यात रील दिसत होती. काकी ताट वाढतायत, मागे माड, आणि तो एक शब्द. कुडाळच्या मुलाने कच्चं चित्रही करून दाखवलं होतं आणि ते खरोखर छान होतं. मला स्वतःला ती रील बघायला आवडली असती. ताईंनी काकींना विचारायचं काम माझ्यावर टाकलं. मी गेले, विचारलं. काकींनी खूप वेळ विचार केला, नाही म्हणायचं पण मला वाईट वाटू द्यायचं नाही असा.

"बाय, ता आपसूक येता तोंडात," त्या म्हणाल्या. "आता कोण जेवूक बसलो की माका आधीच आठवता, म्हणूचा की नको. काल ह्यांका म्हणतानासुदा मी थांबलंय."

मी परत येऊन ताईंना सांगितलं की रील नको. कारण विचारलं तेव्हा काकींचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ताईंनी मुलाच्या स्क्रीनवरच्या चित्राकडे एकदा बघितलं आणि बंद कर म्हणाल्या. त्याऐवजी आम्ही काकींच्या पानावर उकड्या तांदळाच्या पेजेचा एक साधा फोटो टाकला, सकाळचा, वाफ दिसणारा. तो फारसा कुठे पोचला नाही. मे महिन्यापर्यंत मरेची हौस ओसरली, पाहुण्यांना दुसरं काही सापडलं, आणि एका दुपारी मी गेले असताना काकी मागच्या दारातून काकांवर ओरडताना ऐकू आल्या, पूर्वीसारख्याच, मध्ये न थांबता. मला इतकं बरं वाटलं की मी काही वेळ अंगणातच उभी राहिले.

वर्ष संपलं तेव्हा ताईंनी मला खालच्या हॉटेलात नेऊन भजी आणि चहा दिला आणि विचारलं की पुढे काय. मी म्हटलं की राहायला आवडेल. त्यांनी मान हलवली, जसं काही ते आधीच ठरलेलं होतं, आणि उरलेलं भजं माझ्याकडे सरकवलं. कायम झाल्यावरचं पहिलं स्वतंत्र काम त्यांनी मला दिलं ते आरोंद्याचं. तिथे खाडीत एक माणूस छोट्या होडीतून पाहुण्यांना खारफुटीत फिरवतो, आणि त्याला जाहिरात हवी होती. मी आधी फोन केला तर तो हो, नाही, या, एवढंच बोलला.

दोन गाड्या बदलून मी आरोंद्याला पोचले. तो माणूस होडीत बसून होता. मी काय काय विचारायचं ते मनात ठरवून आले होते, किती वर्षं करताय, पाहुणे काय म्हणतात, तुम्हाला यातलं काय आवडतं. त्याने बसायची जागा दाखवली, वल्हं पाण्यात टाकलं आणि आम्ही निघालो. भरतीचं पाणी मुळांपर्यंत आलेलं, वरून खंड्या उडत होता, आणि तो मनुष्य तासभर एक शब्द बोलला नाही. एकदा फक्त वल्हं थांबवून त्याने बोट दाखवलं. काठच्या चिखलात एक पाणमांजर पुढच्या पंजांत मासा धरून खात होतं, आमच्याकडे दुर्लक्ष करून. आम्ही दोघं ते संपेपर्यंत बघत राहिलो. मी फोन बाहेर काढला नाही. धक्क्यावर उतरल्यावर मी त्याला सांगितलं की मी पुन्हा येईन, मला अजून काही लिहिता येत नाहीये. त्याला ते पटलेलं दिसलं. म्हणाला, "येवा," आणि होडी बांधायला वळला.